पद्मिनीचा पत्ता

सिंचन खात्यातून निवृत्त झालेल्या दिवाकररावांना एकाहत्तराव्या वर्षी एका बाईने वेड लावलं, आणि ही बातमी त्यांनी स्वतःच बायकोला दिली.

बाई राहत होती एका पुस्तकाच्या समासात. रायपुरातच, बुढापाऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी ते इंग्रजी पुस्तक उचललं होतं. पन्नास-साठ सालातली अमेरिका, तळघरांतलं जाझ, नोकऱ्या सोडून दाढ्या वाढवलेली पोरं. पहिल्या पानावर शाईने ‘पद्मिनी, रायपूर, १९७८’, आणि पुढे पेन्सिलीने मराठीत शेरेबाजी.

ती पोरं कारण नसताना देशभर मोटारी पळवतात, तिथे पद्मिनीने लिहिलं होतं, ‘मले इथंच अभनपूरला जायचं तर भाऊ सोबत लागते.’ सॅक्सोफोनवाला दर वेळी गाणं मनानेच बदलतो, तिथे, ‘आई वरणात हेच करते. टाळ्या कुठे पडतात?’

दिवाकरराव रोज संध्याकाळी हे बायकोला, वनमालाबाईंना, वाचून दाखवत. त्या शेंगा सोलत ऐकत.

“हे ऐक,” म्हणून एकदा ते ठसका लागेपर्यंत हसले. “‘उद्या पाहायला येऊन राहिले. फोटोत पोट्टा मिटलेल्या पेटीसारखा दिसते.’ कोण असंल बिचारा?”

“असंल कोणी,” त्या म्हणाल्या.

त्या ओळीनंतर समास कोरे. एकशे दहा पानं, एक अक्षर नाही. पद्मिनीचं पुढे काय झालं, हे कळल्याशिवाय दिवाकररावांना जेवण गोड लागेना. शेवटी मराठी मंडळाच्या ग्रुपवर, दोनशे चौदा माणसांसमोर, त्यांनी विचारलं, ‘या विदुषी कोणाच्या परिचयाच्या आहेत का? भेटण्याची तीव्र इच्छा आहे.’

पहिलं उत्तर तात्यापाऱ्यातून आलं, मेहुणे यज्ञेश्वर यांचं. ‘भाऊजी, पद्मिनी म्हणजे आपली बेबी. मागच्या महिन्यात घर आवरताना मीच तिचे पुस्तकं रद्दीत देल्ले. घरी नाही का ती?’

माहेरी वनमालाबाईंना सगळे बेबीच म्हणत, आणि ते सगळे आता एकेक करून ग्रुपवर उत्तरं टाकू लागले होते. पद्मिनी हे नाव त्यांनी लग्नपत्रिकेत एकदा वाचलं होतं, आणि लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘वनमाला’ लिहून स्वतःच पुसून टाकलं होतं. अक्षर तरी ओळखायचं. पण ओळखायला ते आधी पाहिलेलं लागतं. सेहेचाळीस वर्षं घरातली प्रत्येक यादी त्या सांगत आणि हे लिहीत.

शिवाय फोटोतली ती मिटलेली पेटी. भिंतीवरच्या आरशाकडे न बघता ते स्वयंपाकघरात गेले.

“तू बोलली काहून नाही?”

“चार दिवस इतकं चांगलं बोलून राहिले होते तिच्याबद्दल,” वनमालाबाई कणीक मळत म्हणाल्या. “मधात काहून तोंड घालू?”

“मग पुढची पानं कोरी काहून?”

“लग्न झालं. पुस्तक राह्यलं तिकडेच.”

दिवाकरराव स्टुलावर बसले. पद्मिनीला विचारायच्या प्रश्नांची त्यांनी यादी केली होती. त्यातला एकच आठवला.

“जाझ ऐकलं कुठे होतं तू?”

“कुठेच नाही. वाचलं नुसतं.”

“अन् नंतर?”

“कोण ऐकवते?”

त्यांनी मोबाइलवर एक सॅक्सोफोन शोधून लावला. कणकेचे हात तसेच धरून त्या मान तिरपी करून ऐकू लागल्या.

“हे मधात टिंग टिंग वाजून राह्यलं,” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “ते बी त्यांच्यातलंच का?”

“नाही,” दिवाकरराव म्हणाले. “ते तुझं माहेर आहे.”