भोंग्यावरची शिकार

सरकारला आमचा उमाळा अधूनमधून येतो. आधी म्हणाले, तुम्ही इथले मूळ रहिवासी आहात, आता राज्यघटनेतच तसं लिहिलंय. जसं काही आम्हाला ठाऊकच नव्हतं! मग म्हणाले, ओळखपत्रावर चिनी नाव नको असेल तर आपलं खरं नाव लावा. दर वेळी फलक, भाषणं, जेवणाचे डबे. मग शिकारीचा कायदा आला. सणासाठी खुशाल शिकार करा, फक्त आधी अर्ज द्या. कोणता प्राणी, किती, कुठे, कधी, सगळं लिहून.

आम्हा डोंगरातल्या बुनुन आदिवासींत शिकारीला निघालेला माणूस शिकारीचं नावसुद्धा काढत नाही. "जरा वर जाऊन येतो," एवढंच म्हणतो. प्राण्याचं नाव घेतलं की डोंगराला ऐकू जातं आणि माणूस रिकाम्या हाताने परततो. शेंबड्या पोरालाही हे कळतं. कायदा करणाऱ्या शहाण्यांना कुणाला विचारायचंही सुचलं नाही.

माझा बाप हाइसुल, मी त्याला तामा म्हणते. त्याचे गुडघे गेले होते आणि डोंगर चढायचं ते बहुधा शेवटचं वर्ष होतं. आमच्या सणाला प्राण्यांचे कान टांगून नेमबाजी होते आणि शिकारीचं मांस गावभर वाटतात. वाटा प्रत्येकाला, पोटातल्या बाळालासुद्धा. मला दिवस गेले होते. नातवंडाचा पहिला वाटा आपल्याच हाताने आणायचा, हे बापाने मनाशी धरलं होतं.

"तामा," मी बापाला म्हटलं, "अर्जाशिवाय गेलास तर आत टाकतील."

"आणि अर्ज केला तर रिकामा येईन. म्हातारपणी एवढंच बाकी होतं!"

"मी भरते. तू तिकडे बघूच नकोस."

बाप भिंतीकडे तोंड करून बसला. "काय लिहितेस ते मला सांगू नकोस, लांगुइ. आणि लिहिताना ओठ हलवू नकोस."

मी ओठ घट्ट मिटून अर्ज भरला. परवानगी आली, तीही गुपचूप कपाटात ठेवली. बापाला चांगलं स्वप्न पडलं, म्हणजे डोंगराचा होकार मिळाला, त्या सकाळी त्याने पिशवी पाठीला लावली. उंबऱ्यावर पोचला आणि गावचा भोंगा खरखरला.

"सर्व गावकऱ्यांना नमस्कार!" तालुका कचेरीतले क्वो साहेब. भोंगा दिसला की या माणसाला राहवत नाही. "आनंदाची बातमी! हाइसुल आजोबांना दोन भेकरं आणि एक रानडुक्कर मारायची कायदेशीर परवानगी मिळाली आहे! ऐतिहासिक दिवस!"

आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. भेकरं, भेकरं, रानडुक्कर.

बापाने पिशवी खाली ठेवली. "झालं. आता डोंगराला माझी येण्याजाण्याची वेळही सांगा म्हणावं."

मी तरातरा कचेरीत गेले. क्वो साहेब हसतमुख. "अगं, अभिनंदन करत होतो!"

"अभिनंदन कुणाचं, भेकरांचं? ती वाचली म्हणून?"

साहेबांना काही कळलं नाही. उलट सणाला ते कॅमेरा घेऊन हजर. बाजारातून आणलेले डुकराचे कान टांगले होते, त्यांचेच फोटो काढले. मांसही बाजारचंच. बापाने सगळ्यांचे वाटे केले, पण माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाला, "याला हे नको. थांब म्हणावं जरा." मला रडू आलं, आणि साहेबांनी त्याचाही फोटो काढला.

सण उरकला आणि परवानगीची मुदतही संपली. काही दिवसांनी बाप सकाळी म्हणाला, "जरा वर जाऊन येतो." मी कुठे विचारलं नाही.

तो एक भेकर घेऊन उतरला. लंगडत होता, पण चेहरा कसा फुलला होता, हे पुलाजवळून आलेली शेजारीण सांगत होती. पुलावरच पोलीस उभे होते.

क्वो साहेब ठाण्यात धावत आले. मनापासून हळहळले. "आजोबा, पुन्हा एक अर्ज केला असता तर! कायदा तुमच्याच बाजूचा आहे हो."

पुढे बापाला सोडलं, भेकर मात्र नाही. माझी पोरगी आता चालायला लागली आहे. तिचा पहिला वाटा अजून ठाण्याच्या फ्रीजरमध्ये आहे, मुद्देमाल म्हणून.