सरांनी न वाचलेली डावी बाजू

मी एक जुना गौरवफलक आहे. शाळेच्या सभागृहात, दाराच्या अगदी समोर मी टांगलेला असतो. फलक म्हटला की तो शांत, सोशिक आणि क्षमाशील असणार, असे तुम्हाला वाटत असेल. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी तसा नाही. मी डूख धरतो.

माझा जन्म याच शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात झाला. चार फळ्या जोडून, रंधा मारून मुलांनी मला घडवले. एका मुलाने खिळा मारताना स्वतःच्याच अंगठ्यावर हातोडी मारून घेतली, त्याच्या रक्ताचा डाग माझ्या पाठीवर अजून आहे. मग रंगारीकाका आले. त्यांनी मला गडद हिरवा रंग दिला आणि बरोबर मधोमध एक उभी सोनेरी रेघ ओढली.

ती रेघ का, ते सांगतो. आमच्या शाळेत दोन भाषा नांदतात. सकाळचे तास एका भाषेत, दुपारचे दुसऱ्या. सूचनासुद्धा दोनदा होते, त्यामुळे पोरांना सुट्टीची बातमी दोनदा ऐकायला मिळते आणि ती दोनदा ओरडतात. माझ्यावरही प्रत्येक नाव दोनदा येते, रेघेच्या डावीकडे एका लिपीत, उजवीकडे दुसऱ्या. म्हणून मुले त्या भाषांना डावी आणि उजवी असेच म्हणतात.

किती नावे अंगावर वागवली मी! गल्लीतल्या म्हाताऱ्यांना त्यांची पत्रे वाचून दाखवणारी दोन बहिणींची जोडी. शाळेमागच्या उकिरड्यावर भाजी पिकवणारा अख्खा सहावीचा वर्ग. पालक आले की धाकट्यांना कडेवर उचलून माझ्यापुढे धरायचे. माझी छाती फुगायची. लाकडाची छाती फुगते ती दमटपणाने, पण ते असो.

मग मोठे सर आले, म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांना फक्त उजवी भाषा येत होती. "शिकतो की डावी, त्यात काय एवढं," असे पहिल्याच सभेत ते म्हणाले. पुढची अकरा वर्षे ते शिकलेच नाहीत. आल्या आल्या त्यांनी माझ्या कपाळात चार बोटे लांब खिळा ठोकला आणि त्याला स्वतःच्या सत्काराचा फोटो अडकवला. माझी वरची फळी तडकली. त्या दिवशी मी मनाशी म्हणालो, सर, दिवस काय तुमचेच राहणार नाहीत.

खिळा मी गिळला असता एक वेळ. पण नंतर त्यांनी टकळीच्या हक्काला हात घातला.

टकळी ही शाळेची बस चालवणाऱ्या बाईंची मुलगी. तोंडाची टकळी सतत चालू, म्हणून हे नाव. पण ती बडबड कामाची होती. एका भाषेतले पालक आणि दुसऱ्या भाषेतले शिक्षक एकमेकांकडे नुसते बघत बसले की टकळी मध्ये उभी राहायची आणि दोन्हीकडचे बोलणे पोचवायची. कोणाच्या मुलाला दिसत कमी होते, कोणाची मुलगी जेवत नव्हती, सगळे तिच्या तोंडून कळायचे. वादविवादात तर तिने दोन्ही भाषांत पहिला नंबर आणला. वर्षअखेरीस सगळ्या शिक्षकांनी एकमताने तिचे नाव ठरवले.

आणि हे नाव म्हणजे नुसती शोभा नव्हे. गावातल्या मोठ्या विद्यालयात आमच्या शाळेसाठी दरवर्षी एक जागा राखलेली असते. तिथल्या प्राचार्या स्वतः येतात आणि त्या वर्षी शेवटच्या वर्गातल्या ज्याचे नाव माझ्यावर चढले असेल त्याला ती जागा देतात. त्या कागदपत्र मागत नाहीत. चारचौघांत टांगलेले नाव खोटे नसते, असा त्यांचा विश्वास.

आता नाव लिहायची आमची रीत ऐका. एकाच कागदाला मधून घडी घालतात. डावा भाग डाव्या भाषेच्या बाई लिहितात, उजवा मोठे सर. बाईंनी आपल्या भागात टकळीचे नाव लिहून कागद सरांकडे पाठवला. सरांनी आपल्या भागात काय लिहावे? याच शाळेत शिकणाऱ्या आपल्या भाच्याचे नाव!

रंगारीकाकांची हयात दोन्ही लिप्या रंगवण्यात गेलेली. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"सर, दोन्हीकडं एकच आहे ना?"

"मग वेगळं कशाला असेल? बाई माझ्या मनाबाहेर काही लिहीत नाहीत. तुम्ही आपलं काम करा, आहे तसं उतरवा."

"आहे तसं?"

"आहे तस्सं!"

काका मान डोलावून शिडीवर चढले आणि त्यांनी आहे तसे उतरवले. मित्रांनो, त्यांचा कुंचला डाव्या बाजूला टेकला तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण तो सोनेरी अक्षरांत रंगवून घेणारा मी एकच पाहिला.

दुसऱ्या दिवशी टकळी माझ्यापुढे उभी राहिली. डावीकडे वाचले, उजवीकडे वाचले आणि तिचे डोळे भरले. ती धावत जाऊन आईला घेऊन आली.

"आई, सरांना जाऊन सांगू या ना."

आईच्या हातात बसच्या किल्ल्या होत्या. "सांगितलं तर ते डावीकडचं तुझं नावही पुसतील. थांब गं. त्यांचं त्यांनाच वाचू दे."

"आणि नाही वाचलं तर?"

आईने रुमालाने माझी डावी बाजू पुसली आणि ती गेली. पुढचे तीन महिने ती रोज पुसत राहिली.

चारशे मुले रोज माझ्याखालून जात होती. सगळ्यांना दोन्ही बाजू वाचता येत होत्या. सगळे गप्प! भाच्याला मात्र त्यांनी 'उजव्या' हे नाव ठेवले. तो बिचारा सभागृहात मान खाली घालून यायचा. त्यानेही मामाला काही सांगितले नाही. मी मात्र दिवस मोजत होतो. माझ्या जिवाला एकच घोर, सरांना मध्येच डावी भाषा शिकायची बुद्धी होऊ नये.

झाली नाही.

प्राचार्याबाई आल्या. सभागृह भरले. बाईंची घरची भाषा डावी, त्यामुळे त्यांनी आधी तीच बाजू वाचली. मग उजवी वाचली. मग सरांकडे वळल्या.

"डावीकडचं नाव जरा मोठ्यानं वाचता का, सर?"

सरांनी छाती पुढे काढली, टकळीच्या नावाखाली बोट ठेवले आणि खणखणीत आवाजात भाच्याचे नाव घेतले.

पहिलीच्या रांगेतून एक हसू फुटले. मग दुसरीच्या. मग छप्पर हादरले.

"पुन्हा वाचा बरं," बाई म्हणाल्या.

सरांनी पुन्हा वाचले, थोडे हळू. तोवर त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. सगळ्यांना कळलेले काहीतरी आपल्याला कळत नाही, एवढे त्यांना कळले.

बाईंनी भाच्याला बोलावले. "बाळ, तू वाच."

तो पुढे आला. मामाकडे त्याने पाहिलेच नाही. "टकळीचं नाव आहे," तो म्हणाला आणि तिचे पूर्ण नाव स्पष्ट वाचले, आधी डाव्या भाषेत, मग उजव्या. "माझं कुणी ठरवलंच नव्हतं."

त्याच क्षणी माझ्या कपाळातला खिळा सुटला आणि सत्काराचा फोटो खाली आपटला. तडकलेली फळी अकरा वर्षांत सैल होतेच, असे लोक म्हणाले. म्हणोत.

टकळीला जागा मिळाली. सरांची बदली झाली. रंगारीकाकांनी उजवीकडचे नाव पॉलिशपेपरने घासून काढले आणि तिथे टकळीचे लिहिले. घासल्याचा खळगा बुजवायला त्यांनी दोनदा लांबी, म्हणजे रंगाऱ्यांचा लगदा, भरली. दोन्ही वेळा ती गळून पडली. मी ती धरलीच नाही.

आता दरवर्षी नवी मुले येतात आणि विचारतात, हा खळगा कसला? मोठी मुले त्यांना सरांची गोष्ट सांगतात. आमच्या रीतीप्रमाणे दोनदा सांगतात, कोणी वंचित राहू नये म्हणून.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या फलकांना जपा. त्यांना खिळे ठोकू नका, त्यांच्यावर धूळ साचू देऊ नका. आणि कधी माझ्याकडे आलात तर मला जरूर पुसा. फक्त उजव्या बाजूच्या त्या खळग्यावर हात हलका ठेवा. तो मला मिटू द्यायचा नाही.