उपासाचं मीठ

कोळंबीच्या नाकावर पांढरे धागे दिसले तेव्हा मी आधी चष्मा पुसला. धागे तसेच. तिळाहून बारीक, आणि वळवळणारे.

अर्ध्या पेराएवढी, तांबडी. काचेच्या टाकीतली ही शेवटची मादी. बाकीच्या एकेक करून गेल्या होत्या. हिच्या पोटाखाली अंडी होती. अक्षया शिकायला बर्मिंगहॅमला गेली ती टाकी माझ्या गळ्यात टाकून. लेकीची टाकी माझी कधी झाली, कळलंच नाही. नवऱ्याने, मिलिंदने, मात्र बजावलं होतं, "ही पण गेली ना अर्चना, तर टाकी काढून टाकू. तिथे आईची खुर्ची बसेल." ब्रिस्टलमधल्या त्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझी म्हणावी अशी जागा तेवढीच होती.

सासूबाई बाथरूममध्ये पडल्यापासून त्यांना एकटं ठेवायचं नाही असं ठरलं होतं. ठरवलं नवऱ्याने, पाळायचं मी. तो विमानांच्या पंखांची चिंता करायला ऑफिसात जाई आणि आम्ही दोघी एकमेकींवर पहारा देत बसत असू.

नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. त्यावर या किड्यांचा उपाय सापडला: टाकीचंच पाणी, कपाला मोठा चमचाभर मीठ, त्यात अर्धा मिनिट बुडवायचं. पण मीठ निव्वळ हवं. आमच्या डब्यातल्या मिठात ते सुटं राहावं म्हणून काहीबाही घातलेलं. माशांचं दुकान दोन बस बदलून. म्हणजे चंद्रावरच.

निव्वळ मीठ घरात एकच होतं. सासूबाईंचं सैंधव.

"उपासाचं मीठ कोळंबीला?" त्या ताठ बसल्या. "उभ्या जन्मात माझ्या घरात शिजली नाही ती!"

"खायला नाही हो आई. अंघोळीला."

"उद्या एकादशी आहे माझी."

"चमचाभरच घेते."

त्या टाकीकडे बघत राहिल्या. "पोटुशी आहे ना ती?"

"हो."

"मग बोलत काय बसलीस? आण इकडे, मी कुटते. भाजीएवढं खारट की लोणच्याएवढं?"

"लोणच्याएवढं."

जाळीने उचलून मी तिला कपात सोडलं. ती उसळली, कडेवर आपटली, पुन्हा उसळली. माझा हात जाळीकडे गेला.

"थांब." सासूबाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

"मरेल हो ती!"

"मी मेले का? मलाही धरूनच ठेवलंयत की माझ्या भल्यासाठी."

मी हात मागे घेतला.

"हं. काढ आता."

नाक स्वच्छ झालं होतं. अंडी जागच्या जागी. टाकीत सोडल्यावर ती शेवाळामागे गेली आणि पोटाखालचे पाय हलवून अंड्यांना वारा घालू लागली.

"सुटली बाई," मी म्हटलं.

"कुठली सुटायला? त्याच पेटीत तर टाकलीस."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"आता तिने कात टाकली की ती लगेच काढायची," मी म्हणाले. "तिच्यात किड्यांची अंडी असतात. लक्ष ठेवावं लागतं."

त्यांनी खुर्ची टाकीजवळ ओढून घेतली. "ठेवते. तू कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. मिलिंदला सांगू नकोस."

"फोन हाताशी ठेवा."

"जा गं!"

कोट चढवून मी कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून पुढे कुठे जायचं असतं, ते सुचेना. मग वळून आमच्या खिडकीकडे बघत उभी राहिले. टाकीचा दिवा दिसत होता, आणि त्याच्यासमोर सासूबाईंचं डोकं, जरासुद्धा न हलणारं.