करडीच्या पात्रातला वास

त्या डॅनिश बाईला सकाळपासून वास येत होता. नाव इंगर-लीसे, वय सत्तरीच्या पुढे, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. मुक्कामाच्या घरी तिने आंघोळीचा नळ सोडला आणि टॉवेल गुंडाळून थेट जिन्यात येऊन उभी राहिली.

"स्टेनवोर, या पाण्यात अंडी सडलीत."

आमच्या आइसलँडमध्ये गरम पाणी जमिनीतून येतं आणि त्याला गंधकाचा वास असतो, असं म्हणतात. आम्हाला तो येत नाही. जन्मल्यापासून त्याच पाण्यात आंघोळ केल्यावर येणार कसा?

"तुम्ही डॅनिशांनी पाचशे वर्षं आमच्यावर राज्य केलंत," मी म्हटलं, "तेव्हा नाही आला वास?"

ती हसली नाही. त्या दिवशी आंघोळही केली नाही.

मी गाइड आणि माझा नवरा कोल्बेन आमच्या उंच चाकांच्या बसचा ड्रायव्हर. धबधब्याच्या मागून जाणाऱ्या वाटेवर सगळे ओलेचिंब होऊन खिदळत होते, बाईंना शेवाळाचा वास आला. जिथे जुन्या सरदारांनी जीव वाचवून पळायला भुयार खणून ठेवलंय, त्या गवती छपराच्या घरात मी रंगात येऊन गोष्ट सांगत होते, तर बाई म्हणाल्या, इथे धुराचा आणि मेंढ्यांचा वास येतो. जेवायला चपट्या भाकरीवर धुरावलेलं मटण होतं, तेही आधी हुंगून घेतलं. दुपारपर्यंत मला त्या नाकाचा वीट आला होता.

सगळ्यात शेवटी हिमनदीच्या पायथ्याचं खोरं. तिथे जायचं तर करडी नदी ओलांडावी लागते. हे नाव आमच्या गावानेच ठेवलेलं, तिच्या राखाडी पाण्यावरून पडलेलं. पूल नाही. ती इतक्या वेळा कूस बदलते की पूल बांधायचा कुठे, हाच प्रश्न. तिचे दोन प्रवाह आहेत आणि मधे गोट्यांचं लांबट बेट. पहिला प्रवाह कोल्बेनने सहज पार केला आणि बस बेटावर उभी केली. दुसऱ्यात ड्रायव्हरने आधी स्वतः उतरून तळ चाचपायचा, ही आमच्याकडची रीत. त्याने छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, लोखंडी टोकाची काठी घेतली, नाकात तपकिरीची चिमूट भरली.

"वॉकीटॉकी घे," मी म्हटलं.

"दोन बुडवल्या. तिसरीचे पैसे तू देतेस?"

"मग हॉर्नकडे कान ठेव."

"आज लग्न झालंय का आपलं?" असं म्हणून तो पाण्यात उतरला. मागे वळूनही न बघता. एक लांब हॉर्न म्हणजे असशील तिथून परत फिर, हे आमच्यात कधीचं ठरलेलं. मी वाजवला की तो का-कशाला न विचारता फिरतो. नदीच्या आवाजात दुसरं काही ऐकूच जात नाही.

प्रवासी फोटो काढायला बेटावर पांगले. मी थर्मासमधून कॉफी ओतत होते, तेवढ्यात इंगर-लीसे नाकाला रुमाल लावून आली.

"स्टेनवोर, पुन्हा तोच वास."

"तुमच्या नाकात अडकलाय तो."

"नाही गं. वरून वाऱ्याबरोबर येतोय. सकाळच्यापेक्षा जास्त."

"बाई, आमच्या देशात गरम पाणी जिथे तिथे—"

इथे गरम पाणी नाही. या खोऱ्यात एकही झरा नाही. वर आहे तो नुसता बर्फ आणि बर्फाखाली धुमसणारा डोंगर. त्या आगीने बर्फ आतल्या आत वितळतो, पाणी साचत राहतं, आणि एक दिवस सगळं एकदम फुटून खाली येतं. त्याच्या आधी हाच गंधकाचा वास येतो. आमच्याकडे हे शाळेत शिकवतात. मोबाइलवर इशारासुद्धा येतो, पण या खोऱ्यात रेंज कुठली?

मी खोल श्वास घेतला. मला कॉफीचा वास आला. दुसरा कसलाच नाही.

पाण्याकडे बघितलं. मघाशी राखाडी होतं ते आता काळपट झालं होतं, आणि ज्या चपट्या दगडावर उभं राहून एक जण फोटो काढून गेला होता तो दगड दिसत नव्हता.

"गाडीत बसा," मी ओरडले. "सगळे. सामान राहू दे."

माझा चेहराच तसा असावा. कुणी काही विचारलं नाही, धावत सुटले. मी ड्रायव्हरच्या जागी बसले आणि हात हॉर्नवर गेला.

तिथेच थांबला.

कोल्बेन निम्म्याच्या बराच पुढे गेला होता. पलीकडे बर्चच्या झुडपांची चढण होती, मेंढ्यांची पायवाट होती. तसाच पुढे गेला तर वाचेल. हॉर्न वाजवला तर तो परत फिरेल, आणि फिरून येणार कुठे? या बेटावर, जे थोड्या वेळात राहणारच नव्हतं. आणि न वाजवता मी गाडी काढली तर? बायको आपल्याला टाकून कुठे निघाली, म्हणून तो काठी टेकून मधेच उभा राहिला तर? मी हॉर्नवरचा हात काढून गिअर टाकला.

"हॉर्न वाजव ना!" इंगर-लीसे माझ्या मागेच होती. "त्याला बोलाव!" आणि तिने हात पुढे घातला.

मी तिच्या हातावर फाडकन मारलं. पैसे भरून आलेल्या पाहुणीच्या, आईच्या वयाच्या बाईच्या हातावर.

बस वळवून पहिल्या प्रवाहात घातली. नदीतून मी आयुष्यात कधी गाडी नेली नव्हती, ते काम नेहमी कोल्बेनचं. येताना निम्मं चाक बुडलं होतं, आता पाणी पायऱ्यांवरून आत आलं. मागचा भाग एकदा सरकला आणि कुणीतरी रडायला लागलं.

"मला पोहता येतं," इंगर-लीसे हळूच म्हणाली. स्वतःलाच सांगत असावी.

"यात कुणालाच येत नाही. घट्ट धरून बसा."

आरशात तो दिसत होता. थांबला होता. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बसकडे बघत होता. पुढे जा, मी पुटपुटत होते, पुढे जा रे गाढवा, माझ्याकडे बघू नकोस. त्याने एक पाऊल आमच्या दिशेने टाकलं. तेवढ्यात चाक खडकावर आपटलं, आरसा हलला आणि पुन्हा बघितलं तेव्हा त्यात नुसतं आकाश होतं.

आम्ही काठावर चढलो, टेकाडावर जाऊन थांबलो आणि पाणी आलं. आधी गडगडाट, मग चिखल, त्यात बसएवढाले बर्फाचे तुकडे एकमेकांवर आदळत. बेट गेलं. पलीकडचा काठ धुरकट वाफेत दिसेनासा झाला. मी त्याला हाका मारत राहिले, नदीच्या आवाजात माझ्या मलाच ऐकू येत नव्हत्या. इंगर-लीसेने माझा हात धरला, त्याच हाताने, आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी बचाव पथकाच्या हेलिकॉप्टरने त्याला पलीकडच्या चढावरून आणलं. ओठ निळे, एक बूट गायब. मी त्याला मिठी मारली, मग दोन शिव्या दिल्या, मग रडले. पथकातल्या लोकांनी तोंडं दुसरीकडे फिरवली.

घरी तो ब्लँकेटमध्ये बसला होता.

"तू निघालीस तेव्हा वाटलं, गाडी बुडतेय. मदतीला येणार होतो," तो म्हणाला. "मग वरून गडगडाट ऐकला आणि पलीकडे पळालो. हॉर्न का नाही वाजवलास?"

"तू परत आला असतास."

"आलो असतो."

त्याने हातातला कप फिरवला. "आणि मी बरोबर मधोमध असतो, पलीकडे पोचणं शक्यच नसतं तर?"

खोटं बोलता आलं असतं. "तरी नसता वाजवला," मी म्हटलं. "गाडीत माणसं होती. गाडी काढली असती."

"बरोबर आहे," कोल्बेन म्हणाला. "मीही तेच केलं असतं."

आम्ही अजून हेच काम करतो. फक्त आता पाण्यात पाय घालण्याआधी तो वळून एकदा माझ्याकडे बघतो. पूर्वी बघत नसे.