टाच नसलेला मोजा

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी विणकामाची सुई आहे. खरं तर अर्धीच. म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, हे मला ठाऊक आहे. मी टाकणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

आम्ही पाच बहिणी. दालात या थंड हवेच्या डोंगरी गावात फुलांची खोकी ठोकणाऱ्या एका सुताराने आम्हाला घडवलं. त्याच्या बायकोला लोखंडी सुया बोटांना गार लागायच्या. म्हणून त्याने बांबूच्या कामट्या तासल्या, फुटक्या काचेने घासून गुळगुळीत केल्या आणि शेंगदाण्याचं तेल चोळून चुलीजवळ वाळत ठेवल्या. आम्हाला दोन्ही बाजूंनी टोकं. मोजा गोल विणायचा असतो, त्याला अशाच सुया लागतात. चौघींनी टाके धरायचे, पाचवीने विणायचं.

पुढे सुतार वारला. बायकोचे हात थरथरू लागले, आणि आम्ही तिच्या लेकीच्या हाती आलो. तिचं नाव खुए. खुए बालवाडीत स्वयंपाक करायची. नोकरी संपल्यावर ती खिडकीशी बसून मनसोक्त विणू लागली. आई तिच्याजवळच राहायची. एकीने विणावं, दुसरीने चुका काढाव्यात.

"सैल झालंय," आई म्हणायची.

"तुला तिथून दिसतं?"

"दिसत नाही. ऐकू येतं. सुया लंगडत चालल्यात तुझ्या."

ते आमचे सुखाचे दिवस होते. खुएने कोबी विकणारीला मोजे दिले, शेजारच्या म्हाताऱ्याला गळपट्टा दिला, बालवाडीतल्या मुलांना टोप्या दिल्या. कुणी म्हणालं, "अगं, विकत का नाहीस?" तर ती हसून म्हणायची, "मी मोजे करते, मोजत बसत नाही."

तिचं कौतुक व्हायचं, तशी हेटाळणीही व्हायची. तिच्या भावजयीने, लुआने, एकदा खुएच्या हातचा स्वेटर मोटारसायकलच्या ओल्या सीटवर बसायला घेतला होता. खुएने पाहिलं आणि मान फिरवली. मी तिच्या पिशवीत होते. मला टोकं दोन आहेत, पण तोंड एकही नाही. नाहीतर तेव्हाच बोलले असते.

लुआचा नवरा थिन्ह हा खुएचा धाकटा भाऊ. बाजाराजवळ त्याचं लोकरी कपड्यांचं दुकान होतं. माल कारखान्यातून गठ्ठ्यांनी यायचा, यंत्रावर निघालेला, प्लास्टिकच्या धाग्याचा. त्यात मला काही वावगं वाटत नाही. थंडी सगळ्यांनाच वाजते आणि यंत्राचा स्वेटरही ऊब देतो. पण थिन्हने दारावर पाटी लावली, 'सगळं हातचं'. आणि पाटीवर लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा तो बहिणीकडे आला.

"ताई, तुला नाहीतरी विणायचंच असतं. घरी विणतेस ते दुकानाच्या दारात विण. लोकांशी ओळखी होतील, गरम सोयाबीनचं दूध मिळेल."

"आणि आई?"

"आई काय पळून जाते आहे?"

धाकटा भाऊ मागतो म्हणून ती गेली. तेव्हा आमच्यावर आईचेच मोजे चढलेले होते. म्हातारीचे पाय निळे पडायला लागले होते, रात्रंदिवस बर्फासारखे. डॉक्टरांनी पाय गरम ठेवायला सांगितलं होतं. खुएने गडद केशरी लोकर आणून टाके घातले होते.

दारात स्टूल मांडलं. खुए बसली. सायगॉनहून फिरायला आलेली माणसं थांबायची, फोटो काढायची, आणि आत जाऊन कारखान्याचे स्वेटर 'हातचे' म्हणून घेऊन जायची. मोजा वाढत होता. घोट्यापर्यंत आला. आता टाच वळवायची. मित्रांनो, मोज्याची टाच म्हणजे विणकामातली अक्कल असते. तिथे सरळ नळीला पायाचा आकार येतो. खुएने मान खाली घातली आणि टाके मोजू लागली.

थिन्ह बाहेर आला. "ताई, हे काय? वर बघ ना जरा."

"टाच आली आहे."

"टाच आली की तू कपाळाला आठ्या घालतेस. फोटो चांगले येत नाहीत. एक काम कर, उसव. परत वरून सुरू कर."

"अरे, आईचे मोजे आहेत हे!"

"करशील गं सावकाश. तिला कुठे लग्नाला जायचंय?"

तिने उसवलं. त्या दिवशी उसवलं, पुढेही उसवत राहिली. घोट्यापर्यंत विणायचं आणि पुन्हा ओढून टाकायचं. लोकर झिजली, तिला गाठी पडल्या, तिच्यावर लव उठली. मी आयुष्यभर विणलं, पण खोटं कधी विणलं नव्हतं. आता रोज माझ्याकडून तेच करून घेत होते. मला लाकडासारखं जळून जावंसं वाटायचं.

घरी आई पांघरुणातून पाय बाहेर काढून विचारायची, "झाले का?"

"होतील, आई."

"मी मेल्यावर घालणार आहेस का? तेव्हा पाय गार असलेलेच बरे."

खुए तोंड फिरवून तांदूळ निवडायला घ्यायची.

एके दिवशी सकाळी न्हात्रांगहून आलेली एक बाई दुकानात शिरली. समुद्राकाठची बाई, थंडीची सवय नव्हती, दोन कोट घातले होते. तिचं नाव दिएप. तिने एक पांढरी टोपी उचलली, गालाला लावली, मग बाहेर खुएजवळ आली.

"बाई, ही तुम्ही विणलीत?"

थिन्ह मागून धावतच आला. "तर! माझ्या ताईच्या हातची. बघताय ना, बसलीच आहे विणत."

दिएपने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती खुएला म्हणाली, "माझ्या बहिणीचे औषधांनी सगळे केस गेलेत. डोक्याची कातडी इतकी हुळहुळी झालीय की विकतची टोपी घातली की रडते. कुणीतरी म्हणालं, दालातला हातची मऊ मिळेल. तुम्ही सांगा, ही तिला टोचणार नाही ना?"

खुएचे हात थांबले. मी मनात ओरडत होते, बोल! बोल गं बाई, इतकी वर्षं गप्प बसलीस!

"टोचेल," खुए म्हणाली. "ती मी केलेली नाही. प्लास्टिकचा धागा आहे. यंत्रावरची आहे. इथलं सगळंच यंत्रावरचं आहे."

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. लुआ आतून म्हणाली, "वेड लागलं वाटतं ताईंना."

दिएपने टोपी शांतपणे जागेवर ठेवली आणि निघून गेली. तिच्यामागे दोघं-तिघंही गेले.

"स्वतःच्या भावाच्या पोटावर पाय?" थिन्हचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुला काय कमी केलं मी? दारात बसवलं, चार माणसांत मान मिळवून दिला!"

"मान? बाहुली करून बसवलंस मला. तिकडे आईचे पाय निळे पडलेत आणि मी इथे रोज तिचे मोजे उसवते आहे!"

"मोजे, मोजे! बाजारात ढीग पडलेत मोज्यांचे!" त्याने तिच्या हातातलं विणकाम हिसकलं आणि मुठीत पिरगाळलं. चौघी बहिणी लवल्या. मी मधोमध सापडले.

कट्!

माझा एक तुकडा उडून गटारात पडला. दुसरा, म्हणजे आता तुमच्याशी बोलते आहे ती मी, लोकरीत लोंबत राहिले. थिन्हने मला पाहिलं. ज्याने मला तासलं, तो त्याचाच बाप होता. लहानपणी चुलीजवळ मला तेल चोळताना हाच बापाच्या मांडीवर बसलेला होता. क्षणभर त्याचं तोंड उघडलं. पण आत गिऱ्हाईक होतं, तो आत गेला.

खुएने आम्हाला गोळा केलं, स्टूल लाथेने आडवं केलं आणि घर गाठलं.

आईने थरथरत्या बोटांनी माझं मोडकं टोक चाचपलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "त्याच्या बापाने एक कामटी माझ्यासाठी तासली, तशी एक त्याच्या पाठीसाठीही तासून ठेवायला हवी होती."

दुसऱ्या दिवशी दारात दिएप उभी. चौकातल्या दूधवाल्याला विचारत आली होती. "बाई, दुकानात खरं बोलणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. दोन दिवस आहे मी. माझ्या बहिणीसाठी एक टोपी विणाल?"

खुएने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" आई खेकसली. "माझे पाय थांबायला शिकलेत. आधी त्या पोरीचं डोकं झाक."

खुएने स्वतःच्या जाकिटासाठी जपून ठेवलेली राखाडी मऊ लोकर काढली. तिघींनी टाके धरले, चौथीने विणलं. माझ्यावाचून काही अडलं नाही, आणि खरं सांगते, तेही मला झोंबलं. टोपी झाली. दिएपने ती गालाला लावली आणि किती तरी वेळ काढलीच नाही.

मग केशरी लोकर पुन्हा आमच्यावर चढली. झिजलेली, गाठाळलेली, पण आईला तीच हवी होती. खुएने माझं मोडकं टोक दगडावर घासलं. या मोज्यांच्या पायावर वेणीसारखी पिळाची वीण होती. तीत थोडे टाके बाजूला काढून धरावे लागतात. ते धरायला तिने मला घेतलं. तेव्हापासून मी तेवढंच काम करते. टाच वळवताना खुएने घालायच्या तेवढ्या आठ्या घातल्या.

नववर्षाच्या सणाला थिन्ह फळांची टोपली घेऊन आला. आईने पांघरूण बाजूला सारलं. पायांत केशरी मोजे. तो वाकून बघू लागला. मला वाटलं, आता क्षमा मागेल.

"झकास झालेत, ताई," तो म्हणाला. "असा एक जोड दुकानात टांगायला..."

खुएने सुया आणि लोकरीचा गुंडा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. "विण. मी शिकवते. स्वतः केलास की टांग खुशाल."

त्याच्या जाड बोटांना एक टाकाही जमेना. घातलेला निसटे, निसटलेला सापडेना. "हे काय बायकांचं..." असं म्हणत तो उठू लागला.

"बस खाली," आई म्हणाली. "तुझा बाप सुया करायचा, तुला एक टाका घालवत नाही? फराळ त्यानंतर."

तो बसला. संध्याकाळपर्यंत त्याची एक ओळ झाली, तीही वाकडी. ती त्याने घरी नेली, की वाटेत फेकली, मला माहीत नाही. दारावरची पाटी मात्र आजही तशीच आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. हातच्या वस्तूला जपा, कारण तिच्यात कुणीतरी आपला वेळ घातलेला असतो. ती ओल्या सीटवर टाकू नका. विणणाऱ्या माणसाला दारात शोभेला बसवू नका. आणि कुणी वस्तू हातात घेऊन विचारलं, 'ही तुम्ही केलीत?' तर खरं सांगा. केली नसेल तर नाही म्हणा. तेवढ्याने कुणाचं दुकान बंद पडत नाही. थिन्हचंही पडलं नाही. जोरात चालतं.

मी अजून रागावलेलीच आहे.