सीटला फुटलेलं रक्त

आमच्या फाटकाबाहेर माणसं टाचा उंचावून उभी होती, आणि सगळ्यांना दर्शन हवं होतं ते माझ्या दिवंगत दादाच्या मोटारीचं. नीट सांगायचं तर ड्रायव्हरच्या सीटचं. चामड्याची, डाळिंबी रंगाची सीट. तिला म्हणे रक्त फुटत होतं.

वहिनी गाडी घेऊन शाळेत शिकवायला जायची आणि उतरली, की तिच्या फिकट कुर्त्याच्या पाठीवर लालसर डाग. शेजारच्या वकिलांनी शंका घेतली, बसून पाहिलं आणि पांढरी विजार रंगवून घरी गेले. तेव्हापासून त्यांचा कायद्यावरचा विश्वासही जरा डळमळलाय.

मग माझ्या धाकट्या भावानं एक बाबा आणले. अंगावर पायघोळ डाळिंबी झगा, आवाजात मध. त्यांनी स्टिअरिंगला कान लावून निदान केलं: दादाचा आत्मा सीटमध्ये अडकलाय. बायकोनं गाडी हाकलेली त्याला सोसत नाही, म्हणून तो रक्ताचे अश्रू ढाळतो. उपाय एकच, गाडी आश्रमाला द्यायची. तिथे आत्म्याला सावलीतलं पार्किंग मिळणार होतं.

वहिनीचा चेहरा उतरला. दादा गेल्यावर ती याच सीटवर गाडी शिकली. शाळा लांब, तिकडे बस जात नाही. गाडी गेली की नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे, दादा आपल्यावर रागावलाय हे तिला खरं वाटू लागलं होतं.

"निष्पापाला डाग लागत नाही," असं म्हणत बाबा स्वतः सीटवर बसले. घाम पुसत उठले आणि सगळ्यांना पाठ दाखवली. डाग नाही. गर्दी हात जोडून वाकली.

वहिनी वाकली नाही. ती त्या झग्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन पांढरा टॉवेल भिजवून, पिळून आणला आणि सीटवर अंथरला.

"आता बसा, महाराज. नीट टेकून."

"माझी परीक्षा घेतेस, बाई?"

"पहिलीतल्या पोरांचीही घेते. बसा ना."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? बसले. उठले तेव्हा टॉवेलच्या खालच्या बाजूला त्यांच्या बैठकीचा ऐसपैस डाळिंबी नकाशा उमटला होता. वहिनीनं ओल्या फडक्यानं मागची सीट पुसली. फडकं मळलं, लाल झालं नाही.

"भाऊजी," ती धाकट्याकडे वळली, "रंग देण्याआधी सीट साफ केली होती का?"

गेल्या महिन्यात त्यानं ड्रायव्हरची विटलेली सीट हौसेनं घरीच रंगवली होती. मागच्या सीटशी छटा जुळावी म्हणून अख्खा रविवार लालात तपकिरी, तपकिरीत काळा थेंब घालत, उन्हात नेऊन ताडून बघत बसला होता. छटा अशी जुळली, की रंग पक्का करणारा पारदर्शक हात वरून द्यायला त्याचा जीव होईना. चमक बदलली तर? आणि खाली दादानं वर्षानुवर्षं चोळलेलं पॉलिश तसंच. तेलकटावर रंग धरतो कुठला? पाठ तापली, घाम सुटला, की रंग कपड्यावर. डाळिंबी झग्यावर डाळिंबी डाग दिसणार कसा?

"शंका आली होती," धाकटा पुटपुटला. "पण वहिनी, छटा बघा ना किती जुळलीये."

आपलं काम कच्चं म्हणण्यापेक्षा भावाचं भूत मानणं त्याला सोपं गेलं. हसू नका, आपल्यापैकी पुष्कळांना जातं.

बाबा ओल्या झग्यानिशी कधी सटकले, कळलंही नाही. वहिनीनं सीटवर हात ठेवला. "म्हणजे ते रागावले नाहीत," एवढंच म्हणाली.

तेव्हा बायांनो आणि बाप्यांनो, गेलेलं माणूस तुमच्यावर रागावलंय असं कुणी सांगू लागलं, तर त्याला आधी विचारा, तुला कसं कळलं? आणि पटेल असं उत्तर मिळेपर्यंत गाडीची किल्ली आपल्याच मुठीत ठेवा.