अठरा वर्षं बंद असलेलं इंजिन

कोन गावात आनंदाच्या गॅरेजमागे त्याची जुनी गाडी अठरा वर्षं उभी होती. बायकोला, सत्यवतीला, इस्पितळात नेताना ती वाटेतच बंद पडली आणि सत्यवती मागच्या सीटवरच वारली. नऊ वर्षांच्या कोमलच्या मांडीवर आईचं डोकं होतं. त्यानंतर आनंदाने त्या गाडीचं बॉनेट कधी उघडलं नाही.

यंदा त्यानेच कोमलला सांगितलं, "इंजिन बाहेर काढ. मला बघायचं हाय."

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. कोमलने आधी ती चाकं फिरवणारे दोन्ही दांडे, ड्राइव्हशाफ्ट, सोडवले, मग गिअरबॉक्ससकट इंजिन चेनकप्पीने वर उचललं. खालचं झाकण खोललं, तर तेलाचा काळा चिखल झालेला आणि बेअरिंगं जळालेली.

"गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी केल्या," आनंदा म्हणाला. "हिचं तेल बदलायचं राहूनच गेलं. माझीच चूक ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण खोटं सांगितलेलं त्याला कळलं असतं. हे काम तिला त्यानेच शिकवलं होतं.

"हो बाबा."

आनंदा जमिनीवर बसला आणि मुलीसमोर पहिल्यांदा रडला. कोमल हात पुसून त्याच्याजवळ बसली. बराच वेळ दोघंही उठली नाहीत.